दिगू, कॅसेट वाजवली

दिगू,

तुझी कॅसेट वाजवली. आधी हेच सांगून टाकतो, कारण हे पोटात ठेवून बाकीचं काही लिहिता येईना. दवाखान्यात तू माझा हात धरून नको म्हणाला होतास आणि मी व्हय म्हणालो होतो. तुझं तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि त्यानंतर लगेचच तुझ्याच घरात, तुझ्याच दिवाणावर बसून मी ती वाजवली. दोन्ही बाजू. तुझ्या बायकोसमोर, पोरीसमोर, आणि जिच्या कानावर ती कधीच पडू नये असं तुला वाटायचं तिच्यासमोर.

लाज वाटते. शब्द मोडला याची वाटत होती, ती आता मागं पडलीय. तिच्या मागं दुसरीच उभी होती, आणि ती हिच्याहून मोठी निघाली. म्हणून तुला सगळं सांगायला बसलो.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. जुने कीबोर्डवादक, अनेक विद्यार्थी घडवले, वगैरे. फोटो कुठल्या तरी लग्नातला, कापून घेतलेला. तुझ्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून गेलाय. कॅसेटचा उल्लेख नाही. तुला बरं वाटलं असतं. तुला जे सगळ्यांनी विसरायला हवं होतं ते सगळे खरंच विसरले. मी सोडून.

आपण ऑर्केस्ट्रात एकत्र आलो तेव्हा मी पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो, तबला-ढोलकी हौसेपोटी. तुझं मात्र पोटच त्या दहा बोटांवर. लग्नसराईत टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसून आपण कन्नड, वैजापूर, भोकरदन करत फिरायचो. गायक चहाला उतरला, लोक पंगतीला बसले, की तू आवाज बारीक करायचास आणि स्वतःशीच काहीतरी वाजवत राहायचास. ऐकणारा मी एकटा. फुलंब्रीच्या एका लग्नात मी विचारलं, हे कुठल्या पिक्चरचं. तू असा दचकलास जसं कुणी चोरी पकडावी.

"कुठल्याच नाय," म्हणालास. "आत्ताच सुचलं. वाईट हाय का?"

वाईट नव्हतं. मला सुरांतलं फार कळत नाही, ठेका कळतो. पण त्या दिवशी वाढप्यांच्या आरडाओरड्यात मी पान समोर ठेवून जेवायचा विसरलो होतो. तेव्हापासून मी तुझ्या मागं लागलो, की तुझं जे आहे ते कुठंतरी साठवून ठेव. तू टाळायचास. शब्दांशिवाय कोण ऐकतं, गायक नाही तर कोण घेतं, आपण वाजवणारे, आपण काय रचना करणार. मी हट्ट सोडला नाही. म्हणजे कॅसेटचं खूळ माझं. पुढं जे झालं त्यानंतर एकदाही तू मला हे बोलून दाखवलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

समर्थनगरात एका घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगलेल्या होत्या, त्यालाच स्टुडिओ म्हणायचं. पंखा बंद, कारण त्याचा आवाज यायचा. पहिल्या बाजूला तुझ्या बांधलेल्या रचना, तबल्यावर मी. दुसऱ्या बाजूसाठी तू काहीच ठरवलं नव्हतंस. तिथं जे येईल ते वाजवीन म्हणालास. मला तबला गुंडाळायला लावलास, पण बाहेर जाऊ दिलं नाहीस. कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला सुचत नाही म्हणून समोर बसवलंस. मी घामानं निथळत, मांडीला मुंग्या आल्या तरी न हलता बसलो, आणि तू डोळे मिटून एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं काढत गेलास. आपल्या घरात माणूस अंधारातही न धडपडता फिरतो, तसा फिरत होतास. वीज गेली तेव्हा थांबलास. ती बाजू तशी एकदम संपते ती त्यामुळं. ऐकणाऱ्याला वाटावं, मुद्दाम केलंय.

नाव तूच ठेवलंस, 'सुचलं तसं'. कव्हरवर तुझा फोटो, मागं हर्सूलचा तलाव, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: सर्व रचना स्वतंत्र. ती ओळ घालायला मी लावली होती. तुला ती जरा मोठेपणाची वाटत होती. मी म्हणालो, लाजायचं काय त्यात, खरं तेच आहे.

पहिल्या बाजूच्या एका रचनेला तू 'सिल्लोड' म्हणायचास. का, असं विचारलं तर म्हणालास, वाजवताना सरकीचा वास येतो. तुझं लहानपण तिथं गेलेलं, वडील जिनिंगमध्ये कारकून, घरासमोर कापसाच्या गाड्या उभ्या, हे मला ठाऊक होतं. मला ते पटलं. सगळ्यांत गोड तीच होती, आणि हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

प्रकाशनाचा दिवस मला तुझ्याशी कधी बोलताच आला नाही. आज बोलतो.

शाळेचं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. गुलमंडीवरच्या कॅसेटच्या दुकानात आपण पत्रिका चिकटवली होती, ती नसीम आपांनी पाहिली. सिल्लोडच्या उर्दू शाळेत त्या शिक्षिका. कापड घ्यायला म्हणून गुलमंडीला आल्या, तर काचेवर तुझा फोटो, तुझं नाव. लहानपणी तुमची घरं भिंतीला भिंत लागून होती. तुझी आई टायफॉइडनं अंथरुणाला खिळली तेव्हा तू दिवस दिवस त्यांच्याच अंगणात असायचास आणि त्यांची आई, हलीमा खाला, तुला भरवायची. हे सगळं मला त्याच दिवशी कळलं.

तू शेवटी 'सिल्लोड' वाजवलंस. टाळ्या थांबायच्या आत त्या पुढं आल्या. डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"दिगू, ये तो अम्मी का गाना है रे," म्हणाल्या. "तेरेकू अभी तक याद है?"

मी तुझ्या शेजारी तबला गुंडाळत होतो, म्हणून पुढचंही ऐकलं. पोलीस ॲक्शननंतर खालाचे भाऊ हैदराबादकडं निघून गेले ते परत आले नाहीत. नवऱ्याची निजाम सरकारातली नोकरी गेली. आधी लग्नाघरी ढोलक घेऊन बसणारी बाई, तिनं बाहेर गाणं सोडून दिलं. अंगणात डाळ निवडायला बसली की स्वतःच जोडलेलं एक गाणं तेवढं म्हणत राहायची. आपांनी ते तिथंच, स्टेजच्या पायरीशी उभ्या राहून, हळू आवाजात म्हणून दाखवलं. अंगन में धूप आई, अंगन में छाँव आई, भाई नहीं आया. तुझ्या 'सिल्लोड'ची सुरुवात तीच होती. जशीच्या तशी.

त्यांनी तुझ्यावर कसलाही ठपका ठेवला नाही, दिगू. आईचं गाणं एवढ्या माणसांत वाजलं, याचाच त्यांना आनंद होता. त्यांनी एक कॅसेट मागितली. तू त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. आणून देतो म्हणालास आणि मागच्या दारानं निघून गेलास. त्यांना एसटी गाठायची होती. थोडा वेळ वाट पाहून त्या गेल्या. जाताना मला विचारत होत्या, दिगूची तब्येत बरी नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला तलावाच्या बांधावर सापडलास. मी शेजारी बसलो. तू पाण्याकडंच बघत होतास. मग म्हणालास, "परभ्या, ते सुचलं नव्हतं रं. आठवलं होतं."

मी म्हणालो, मग काय झालं. तू माझ्याकडं पाहिलंस. त्या नजरेनं मला कळायला हवं होतं की हे 'मग काय झालं' म्हणण्याइतकं हलकं नाही. मला कळलं नाही.

पुढं काय केलंस ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गुलमंडीच्या दुकानदाराला आवाज खराब आलाय असं सांगून गठ्ठा परत आणलास. भेट दिलेल्या कॅसेटी काही ना काही कारण काढून मागून घेतल्यास. घरी सुमन वहिनींना सांगितलंस, सगळ्या खपल्या. त्यांनी आनंदानं शिरा केला आणि मलाही बोलावलं. तो शिरा खाताना तुझं तोंड मी पाहिलंय. वहिनी आग्रह करून वाढत होत्या आणि तू नको न म्हणता खात होतास.

नंतर एकदा भावाच्या शेतावर नेलंस. ज्वारी हुरड्यात आली होती. पाखरं बसू नयेत म्हणून काठ्या रोवून त्यांच्यावर कॅसेटची पट्टी ताणली होती, या बांधापासून त्या बांधापर्यंत. उन्हात ती चमकत होती आणि वाऱ्यानं भणभणत होती. मला आधी उलगडाच झाला नाही.

"ऐक," म्हणालास. "आता सांग कुणाची चाल हाय."

मी तिथून उठलो आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. तू हसायचा प्रयत्न करत होतास. मला ते बघवेना.

माझ्याकडची कॅसेट मागायला आलास तेव्हा मात्र मी ती दिली नाही, आणि आपण पहिल्यांदा कडाक्याचं भांडलो. मी म्हणालो, प्रत्येकजण कुणाकडून तरी ऐकतोच. लेकरू आईकडून बोलायला शिकतं, त्याला कुणी चोर म्हणत नाही. तू म्हणालास, मग कव्हरवर 'स्वतंत्र' कशाला लिहिलं. ती ओळ माझी होती. मग म्हणालो, कव्हर नवीन छापू, खालाचं नाव टाकू. त्यावर तू जे बोललास ते मला पुढं कितीदा तरी ऐकू आलं.

"कोणत्या तोंडानं टाकू? तिनं मला जेवू घातलंय, परभ्या. तिच्यापाशी तिचं म्हणून तेवढंच होतं. ते बी मी माझं म्हणून इकलं."

आणि मग, उंबऱ्यात उभा राहून, मागं न बघता म्हणालास, "एक आठवलेलं निघालं. बाकीची सुचलेलीच हायत, हे कशावरनं?"

मी तुझ्यावर ओरडलो. शेवटी एवढ्यावर मिटलं की कॅसेट माझ्याकडं राहील, पण वाजायची नाही. कुणासाठी नाही. माझ्यासाठीही नाही.

तो वाद तिथंच राहिला. त्यानंतर आपण पुष्कळ वाजवलं, पुष्कळ हिंडलो, तुझ्या पोरीच्या, मीनलच्या लग्नात मी वऱ्हाडाचा चहा सांभाळला, तू माझ्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या उशाशी बसलास. पण त्या गोष्टीवर नाही बोललो. तू गाण्यांच्या मधल्या जागासुद्धा रेकॉर्डवर असतील तशाच वाजवायला लागलास, एक सूर इकडचा तिकडं नाही. लोक म्हणायचे, काय हुबेहूब हात आहे. मला तुझ्या शेजारी बसून ते ऐकवत नसे. क्लासमधलं एखादं पोर मधेच स्वतःचं काहीतरी वाजवायला लागलं की तू उठून बाहेर जायचास. रागवायचा नाहीस. नुसता बाहेर जाऊन उभा राहायचास.

आपांनी कॅसेटसाठी एक-दोनदा निरोप धाडला. संपल्या, असं तू कळवलंस. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला ते बरोबर वाटत नव्हतं. पण मित्राची लाज झाकायची असते, एवढंच मला समजत होतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुला बोलायला दम लागायचा, तरी तू तेच बोललास. माझ्यामागं वाजवू नको. मीनललाही देऊ नको. मी व्हय म्हणालो, आणि तू डोळे मिटलेस. तेव्हा मला वाटलं, निदान एवढं तरी मला तुझ्यासाठी करता येईल.

आपा आल्या त्या दुपारी मी तुमच्याकडंच होतो. सिल्लोडहून एकट्या, काठी टेकत आल्या. वहिनींनी ओळखलं नाही. मी सांगितलं, या नसीम आपा, दिगूच्या लहानपणीच्या शेजारी. मीनलनं पाणी दिलं. तुझ्या फोटोकडं त्या बघत बसल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"प्रभाकर भाई, उस दिन मैं बोली, वो गलत हुआ क्या?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं, की चारचौघांत आपण बोललो आणि तुझा पाणउतारा झाला. म्हणून तू कॅसेट दिली नाहीस. म्हणून तू पुढं दुसरी काढली नाहीस. पोराला वर्गात सगळ्यांदेखत बोलू नये, हे शाळेतल्या नव्या शिक्षिकांना त्या स्वतः शिकवायच्या, आणि आपणच तसं वागलो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तुझी माफी मागायची होती. पण दारात यायचा धीर होईना. आता आल्या, तर तू नव्हतास.

वहिनी आणि मीनल माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. आपांनी पुढं एवढंच मागितलं, की आईचा आवाज तर कुठं राहिला नाही, तिची चाल तेवढी एकदा कानावर पडली तर बरं होईल. वहिनी हळहळल्या. म्हणाल्या, घरात एक पण नाही हो, तेव्हाच सगळ्या खपल्या.

मला गप्प बसता आलं असतं. तुला दिलेला शब्द राहिला असता आणि एक म्हातारी बाई रिकाम्या हातानं, आपणच गुन्हेगार आहोत असं समजून, परत सिल्लोडला गेली असती. मी उठलो. जाऊन येतो म्हणालो.

तुझं घर ते माझं घर, मधे देवीचं देऊळ आणि पिठाची गिरणी. तेवढ्या वाटेवर मी किती वेळा थांबलो म्हणून सांगू. गिरणीवाल्यानं विचारलंसुद्धा, काका, काही विसरलं का. कपाटातून कॅसेट काढली, जुना टेप रेकॉर्डर काढला. पट्टी सैल पडली होती. पेन्सिल घालून ती फिरवली. तुटली तर बरं होईल, असं मनात येऊन गेलं. तुटली नाही.

परत आलो आणि वाजवायच्या आधी तिघींना सगळं सांगितलं. सभागृहाचं, दुकानाचं, शेताचं. वहिनी मधेच उठून स्वयंपाकघरात गेल्या. मीनल म्हणाली, काका, लावा.

'सिल्लोड' लागलं. आपांनी डोळे मिटले. सुरुवातीला त्यांचे ओठ हलत होते, तुझ्या बरोबरीनं. मग चाल वर चढते, जिथं मी ठेका दुप्पट करतो, तिथं त्यांचे ओठ थांबले. डोळे उघडले. संपेपर्यंत त्या तशाच बसल्या आणि म्हणाल्या, परत लावा. परत लावलं. त्याच जागी त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अम्मी यहींच रुकती थी," म्हणाल्या. "इत्ताच था उनका गाना. आगे का मैं कब्बी नई सुनी. ये दिगू का है."

मी विचारलं, पण तेव्हा सभागृहात तुम्ही सगळंच ऐकलं होतं की.

"उस दिन मैं रो रही थी, भाई. आगे का सुनी किधर."

मग त्या मराठीत बोलल्या, बहुतेक वहिनींना आत ऐकू जावं म्हणून. म्हणाल्या, आईच्या गाण्यात भाऊ कधी येतच नाही. ती तिथंच थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी लहान असताना मला त्याचा कंटाळा यायचा. यात पुढं कुणीतरी दार उघडून आत आल्यासारखं वाटतं. हे त्यानं तिला कधी ऐकवलं असतं तर.

मीनलनं मग कॅसेट पहिल्यापासून लावली. प्रत्येक रचना झाली की ती आपांकडं बघायची. तिला तुझा तो उंबऱ्यातला प्रश्न मी सांगितला होता. आपा विचार करायच्या, खरंच विचार करायच्या, आणि मान हलवायच्या. नाही. हे मी ऐकलेलं नाही. हेही नाही. एकदा त्या अडखळल्या, ती चाल स्वतःशी गुणगुणून पाहिली. मग म्हणाल्या, नाही, सारखं वाटलं, पण नाही. दुसरी बाजू लागली तेव्हा थोड्या वेळानं त्यांनी मीनलचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, बेटा, आता माझ्याकडं बघू नको, हे सगळं त्याचंच आहे.

मला कळतं, दिगू, हा काही पंचांपुढं टिकेल असा पुरावा नाही. एका बाईनं ऐकलं नाही म्हणजे जगात कुठंच नव्हतं असं होत नाही. पण तू ज्या गल्लीत वाढलास तिथलं सगळं त्यांच्याही कानावरून गेलेलं. त्या तुझ्याहून मोठ्या. तुला दुसरं कुणी हे सांगू शकलं नसतं. आणि त्या सांगायला केव्हाही तयार होत्या. दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत, एवढ्यात ते मिटलं, ज्याच्यापायी तू अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चाली हुबेहूब वाजवत काढलंस.

सिल्लोड इथून किती लांब आहे? जळगाव रोडला एसटीत बसून एक डुलकी काढली की येतं. तू गेला नाहीस ते मी समजू शकतो. तुझी मान वर होत नव्हती. माझं काय अडलं होतं? मी पाटबंधाऱ्याच्या कामासाठी महिन्यातून एकदा तरी सिल्लोडला जायचो. उर्दू शाळेवरूनच जीप जायची. एकदा उतरून, आपा, जरा नीट ऐकून सांगता का, एवढं म्हणायचं होतं. कॅसेट माझ्याकडं होती. माझ्या मनातच आलं नाही. तुझी लाज सांभाळायची म्हणजे तिला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं मी धरून चाललो, आणि त्याला मैत्री म्हणत राहिलो. ही ती दुसरी लाज. ती तुझ्यासमोर बोलायची होती, ते राहून गेलं.

मीनल ती कॅसेट आता लोकांसाठी पुन्हा काढायची म्हणते. 'सिल्लोड'खाली आधी हलीमा खालाचं नाव, मग तुझं. आपांनी हो म्हटलंय. निघताना त्यांनी तुझ्या फोटोसमोर उभं राहून काहीतरी पुटपुटलं, दुआ असेल. मी त्यांना एसटीत बसवून आलो. खिडकीतून त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, की दिगू माझ्यावर रागावला नव्हता ना, भाई. नव्हता, म्हणालो. कधीच नव्हता. हे वाक्य बोलायला मला म्हातारं व्हावं लागलं.

परत तुझ्या घरी आलो तर वहिनी बाहेरच्या खोलीत दिवाणाच्या कडेला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, त्यांनी नवीन वाजवणं सोडलं, ते ह्याच्यामुळं?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली आणि सांगितलं. मीनल तेव्हा लहान होती, घरात ओढाताण होती, आणि एका दिवशी चिडून त्या तुला म्हणाल्या होत्या की या टिंगटिंगीनं काय होणार आहे. नेमकं त्याच सुमारास तू घरात कीबोर्ड उघडायचं बंद केलंस. त्यांनी ते आपल्या त्या वाक्याला जोडून टाकलं.

"मला वाटायचं, माझ्या बोलण्यानंच सोडलं," म्हणाल्या. "विचारायला भीत होते. हो म्हणाले असते तर काय केलं असतं मी?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला बसायचंही सुचेना. तिकडं आपा, इथं वहिनी. दोघी एकाच गोष्टीसाठी आपापल्या घरात तोंड लपवून बसलेल्या, आणि ज्याला खरं कारण ठाऊक होतं तो मी गिरणीपलीकडं कपाटाला कुलूप लावून बसलेला. तुझी लाज मी सांभाळली, दिगू. तिनं या बायकांचं काय केलं ते मी कधी बघितलंच नाही.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. मग जरा संकोचून म्हणाल्या, की दुसरी बाजू त्यांनी आतून ऐकली, पण कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मधलं बरंच गेलं. परत लावता का?

मीनल उठली आणि गॅस बंद करून आली. मी दुसरी बाजू पहिल्यापर्यंत मागं गुंडाळली आणि बटण दाबलं. तुला दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडला, आणि या वेळी आवाजही जरा वाढवला.